मिठ्यासाहेबांची शिष्या

परवाना कारकुनाच्या ती पहिल्यांदा लक्षात आली ती रडली नाही म्हणून.

कारखान्यातून कामगाराला काढलं की त्याचं ओळखपत्र, गणवेश आणि कपाटाची किल्ली कार्यालयात जमा करावी लागते. माणूस स्वतः सहसा येत नाही, बायकोला नाहीतर बहिणीला पाठवतो. ती खिडकीशी उभी राहते, किल्ली काढताना बोटं अडखळतात आणि मग डोळे भरून येतात. कारकून भला माणूस होता. अशा वेळी तो उगाच टेबलाच्या खणात काहीतरी शोधत बसायचा, म्हणजे समोरच्या बाईला डोळे पुसायला अवसर मिळावा. त्या दिवशीही त्यानं सवयीनं खण उघडला आणि बराच वेळ स्टेपलरच्या पिना खालीवर केल्या. मान वर केली, तर बाई कोरड्या डोळ्यांनी त्याच्याकडेच बघत होती.

"सापडलं का?" तिनं विचारलं.

"काय?"

"जे शोधत होतात ते."

कारकून वरमला. गणवेश तिनं धुऊन, कडक इस्त्री करून आणला होता. तो म्हणाला, "इस्त्री कशाला केलीत, बाई? हा आता यंत्रं पुसायला जाणार."

"जाऊ दे की. आमच्या घरातून मळका गेला असं नको."

तिचा नवरा रंगखात्याचा मुकादम होता. त्याला का काढलं ते साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं, आणि सारा कारखाना मूग गिळून बसला होता. सुती कापड रंगवताना हौदात आधी मीठ पडतं. रंग कापडात मुरू द्यायचा, मग थोडाथोडा करून सोडा टाकायचा, म्हणजे रंग पक्का धरतो. घाई केली की रंग कुठे गडद, कुठे फिका बसतो आणि कापड डागाळतं. परदेशातून आलेल्या रंगतज्ज्ञ साहेबांना त्या दिवशी घाई होती. जहाज सुटायच्या आत माल पाठवायचा होता. "सोडा, सगळा, आता," असं त्यांनी फर्मावलं. मुकादम म्हणाला, "साहेब, डाग पडतील." साहेबांनी हात उडवला. डाग पडले. धाकटे मालक धावत आले तेव्हा साहेबांनी बोट दाखवलं ते मुकादमाकडे. "हा माणूस ऐकत नाही." हौदाभोवती वीस-बावीस माणसं होती. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. मुकादमाच्या शेऱ्यात 'जाणूनबुजून नुकसान' असं लिहिलं गेलं, आणि असा शेरा असलेल्या माणसाला आसपासची कुठली गिरणी दारात उभं करते?

कारकुनाच्या खोलीला दोन खिडक्या होत्या. एक इथल्या माणसांची, तिच्यासमोर उभं राहावं लागे. दुसरी परदेशी साहेबलोकांची, तिच्यासमोर गादीची खुर्ची असे. साहेबांचा व्हिसा, कामाचा परवाना, राहण्याचा परवाना, त्यांच्या बायकामुलांचे कागद हे सगळं त्या दुसऱ्या खिडकीचं काम. बाईनं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत विचारलं,

"भाऊसाहेब, हे रंगाचे साहेब इथं किती दिवस राहणार?"

"परवाना आहे तोवर."

"आणि परवाना वाढवायचा की नाही, हे कोण ठरवतं?"

कारकुनाला तिचा प्रश्न गमतीचा वाटला आणि त्यानं तिला कायदा समजावून सांगितला. परदेशी तज्ज्ञाला कामावर ठेवायचं तर त्याच्या जोडीला इथला एक माणूस शिकाऊ म्हणून नेमावा लागतो. साहेबानं आपली विद्या त्याला द्यायची. दर वर्षी परवाना कार्यालयातल्या मोठ्या बाई त्या शिकाऊ माणसाला समोर बसवून विचारतात, शिक्षण कुठवर आलं? तो तयार झाला की खुर्ची त्याची, आणि साहेब आपल्या देशी परत.

"तयार नाही झाला तर?"

"तर परवाना वाढतो."

"मग साहेब शिकवत कशाला बसतील?"

"तेच तर," कारकून हसला.

तेव्हाचा शिकाऊ एक चष्मेवाला पोरगेला पदवीधर होता. बिचारा खरोखरच शिकायला बसला होता. हे का, ते का, पाणी इतकंच गरम का. साहेब त्याला पाण्यात पाहायचे. मुकादम गेला त्याच महिन्यात चष्मेवाल्याची बदली गोदामात झाली, आणि धाकट्या मालकांनी कारकुनाला बोलावून सांगितलं, "आता जरा बिनत्रासाचा माणूस बघा. शालान्त झालेला असला म्हणजे झालं. कायद्याला तेवढंच लागतं."

शिकाऊ निवडायचा तो शिकणार नाही असा बघून, ही त्या कारखान्याची रीतच पडली होती, चष्मेवाला तेवढा नजरचुकीनं आला होता. मुकादमाची बायको शालान्त झालेली होती, तिनं अर्ज केला तेव्हा कारकुनाला त्या रीतीत ती चपखल बसताना दिसली. तरी त्यानं विचारलं,

"बाई, खरं सांगा. मनात काही डाव आहे?"

"आहे."

"काय?"

"त्या माणसाला इथून घालवायचं."

"कसं?"

"ते अजून ठरलं नाही."

इतकं सरळ उत्तर ऐकल्यावर खरं तर अर्ज बाजूला ठेवायला हवा होता. पण मुकादम आणि कारकून वर्षानुवर्षं एका बाकावर डबा खात आले होते. आणि कारकुनाला वाटलं, ही एकटी बाई काय करणार आहे? त्यानं तिचं नाव वर पाठवलं. साहेबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुकादमाची बायको कोण, हे त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं. त्यांना मुकादमच माहीत नव्हता, नुसता हौदावरचा एक ओला हात माहीत होता.

या साहेबांना कामगार मिठ्यासाहेब म्हणत. हौदावर उभे राहून ते दिवसभर "मीठ! मीठ!" असं ओरडत, आणि इथल्या भाषेतले त्यांचे शब्द एकंदरीत तीस-चाळीसच असतील. त्यातला नव्या शिकाऊ बाईच्या वाट्याला आलेला पहिला शब्द होता 'छत्री'. कार्यालयापासून हौदापर्यंतच्या उघड्या वाटेवर साहेबांना ऊन सोसत नसे. "तू, छत्री. मी, ऊन नको," इतकं सांगून त्यांनी शिक्षणाला प्रारंभ केला. मग बूट आले, चहाची किटली आली, साहेबांच्या बंगल्यातल्या कुंड्या आल्या. रंगाच्या खोलीत मात्र तिला दाराबाहेरच्या स्टुलावर बसवत.

कामगारांना आयतंच कोलीत मिळालं. ते तिला शिष्या म्हणू लागले.

"काय शिष्ये, आज कुठला धडा?"

"बूट पॉलिश."

"म्हणजे काळा रंग झाला तुझा शिकून."

"झाला. आता तुझ्या तोंडाला लावून परीक्षा देते, ये."

हसणं व्हायचं आणि ती छत्री उघडून चालू लागायची. तिचा हात कधी डुलला नाही. साहेबांच्या डोक्यावर ती सावली अशी नेमकी धरायची की कारकुनाला खिडकीतून बघताना अंगावर काटा यायचा. माणसाला बळीच्या बोकडासारखं इतकं सांभाळून नेतात ते कुठे, हे त्याला ठाऊक होतं.

वर्षाच्या अखेरी मोठ्या बाईंपुढे जायचं. गाडीत कारकून तिच्याकडून वाक्य घोटून घ्यायचा. "साहेबांनी खूप शिकवलं. अजून थोडं राहिलंय." या वाक्याची मेख त्याच्या 'थोडं'मध्ये होती. काहीच शिकवलं नाही म्हटलं तर कायदा मोडला, आणि सगळं शिकवलं म्हटलं तर साहेब गेले. ती तेच वाक्य खाली मान घालून म्हणायची, मोठ्या बाई शिक्का मारायच्या, साहेब तिच्या हातात छत्री द्यायचे. दर वर्षी कारकुनाला वाटायचं, आज बोलेल. दर वर्षी ती बोलली नाही. एकदा त्यानं विचारलंच, "डाव विसरलात की काय?"

"फळ कच्चं आहे, भाऊसाहेब. आत्ता झोडपलं तर त्याचं एखाद्या वर्षाचंच नुकसान होईल. त्याला इथं रुजू दे."

तिचा नवरा तोवर स्वतःच परदेशी झाला होता. कुठेच काम मिळेना, म्हणून समुद्रापलीकडच्या एका देशात मासळीच्या बर्फखान्यात लागला. एका खोलीत आठ जण, एकावर एक खाटा. त्याच्या परवान्याचा फोटो तिनं एकदा कारकुनाला फोनवर दाखवला. "तुम्हाला कळतं यातलं. वाचा जरा." कारकुनानं वाचलं. मालक बदलता येणार नाही. मुदतीआधी देश सोडला तर परवाना रद्द. बायकोमुलांना आणता येणार नाही.

"आणि मिठ्यासाहेबांच्या परवान्यात काय लिहिलंय?"

कारकुनानं फोन परत दिला. मिठ्यासाहेबांची बायको आली होती, मुलगी आली होती, बंगला होता, बाग होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "कुंड्यांना मीच पाणी घालते. मला माहितेय काय लिहिलंय ते."

तिसऱ्या वर्षी तिची सासू वारली. सासूचा मुलगा, म्हणजे हिचा नवरा, येऊ शकला नाही. आला असता तर परत जाता आलं नसतं, आणि घर त्याच्या पगारावर चाललं होतं. तिनं फोन उंच धरला आणि त्यानं बर्फखान्याच्या जिन्यात बसून आईला शेवटचं पाहिलं. रजेचा अर्ज कारकुनानंच साहेबांपुढे ठेवला होता. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं, चकचकीत ऊन पडलं होतं. "अर्धा दिवस," ते म्हणाले. "दुपारी मी हौदावर जातो." दुपारी ती छत्री घेऊन हजर होती. त्या दिवशी मात्र कुणी धडा कुठला म्हणून विचारलं नाही.

पाचवं वर्ष आलं. या वर्षीची भेट साधी नव्हती. शिकाऊ नेमल्याला पाच वर्षं झाली की परवाना पुढे एकदाच वाढतो, शिकाऊ तयार नाही असं ठरलं तरच. आणि ते एक वर्ष पदरात पडलं की परदेशी माणसाला कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. मिठ्यासाहेबांना आता जायचं नव्हतं. मुलगी इथल्या कॉलेजात शिकत होती आणि इथल्या मुलींसारखीच बोलत होती. बंगल्यामागे साहेबांनी स्वतः वाफे केले होते. त्यांच्या मायदेशी त्यांना कुणी विचारत नव्हतं म्हणे. कायमच्या अर्जाला वजन यावं म्हणून त्यांनी शेवटच्या वर्षाचे प्रगतीचे अहवाल फार चढवून लिहिले. आपण किती निष्ठेनं शिकवलं, हे दिसायला हवं ना! कारकुनानं सुचवून बघितलं, "साहेब, इतकं नको." पण साहेबांनी मनात मांडे खायला घेतले होते. सही ठोकून मोकळे झाले.

त्या दिवशी गाडीत साहेब पहिल्यांदाच तिच्याशी हसून बोलले. "तू चांगली. पुढच्या वर्षी पगार जास्त." धाकटे मालकही सोबत होते, तेही म्हणाले, "बाई, वाक्य पाठ आहे ना?"

"चार वर्षं तेच म्हणतेय, मालक. झोपेत विचारा."

मोठ्या बाईंची खोली लहान आणि थंड होती. निवृत्तीला टेकलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी कागद पुढे ओढले, चष्मा वर केला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"हं, शिक्षण कुठवर आलं?"

"झालं, बाईसाहेब."

"काय झालं?"

"शिक्षण. पुरं झालं."

धाकटे मालक खोकले. तिनं हात जोडले आणि मान वर करून, अगदी गोड आवाजात सांगायला सुरुवात केली.

"साहेबांनी हातचं काही राखलं नाही. पोटच्या पोरीला शिकवावं तसं शिकवलं. असा गुरू मिळायला नशीब लागतं. इतकी वर्षं थोडं राहिलंय म्हणत होते, ते गुरूसमोर मोठेपणा नको म्हणून. आता खोटं कशाला बोलू? काही राहिलं नाही."

केसानं गळा कापणं कशाला म्हणतात ते कारकुनानं त्या दिवशी पाहिलं. मिठ्यासाहेबांना अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. मग ते खुर्चीतून अर्धे उठले. "नाही, नाही! राहिलं! तिला येत नाही!"

"काय येत नाही?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"काही नाही! सगळं राहिलं!"

"सगळं?" बाईंनी पानं उलटली. "गेल्या तिमाहीत आपण लिहिलंय, 'स्वतंत्रपणे खातं सांभाळण्याइतकी तयारी झाली आहे.' सही आपलीच ना?"

धाकटे मालक साहेबांच्या कानाशी लागले.

"घाई नाही," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "सही खरी असेल तर अभिनंदन, आपलं काम पूर्ण झालं. अहवाल खोटे असतील तर कंपनीला दंड आहे, आणि आपल्याला या देशात पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही. पाहुणे म्हणूनसुद्धा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. साहेबांनी मालकांकडे बघितलं, मालकांनी टेबलाकडे.

"खरी," मिठ्यासाहेब म्हणाले.

मोठ्या बाईंनी शिक्का उचलला आणि तसाच धरून तिच्याकडे वळल्या. "मला यातलं काही कळत नाही, पण विचारायचं म्हणून विचारते. तुमच्या कामात मोठ्यात मोठी चूक कोणती?"

"घाईनं सोडा ओतणं. माल डागाळतो."

"मग काय करायचं?"

"मग, ओतू नका म्हणून ज्यानं सांगितलं असेल, त्याला कामावरून काढायचं. हेही मी साहेबांकडूनच शिकले."

बाईंनी तिन्ही पुरुषांकडे एकवार पाहून घेतलं. एकाचीही मान वर नव्हती. शिक्का खाली आला.

बाहेरच्या व्हरांड्यात कारकुनानं तिला गाठलं. घामानं त्याची कॉलर भिजली होती. "बाई, काय करून बसलात! रंगकाम येतं तुम्हाला?"

"छे हो. मला गुलाबी आणि अबोली यांतला फरक सांगता येत नाही."

"मग आता?"

"आता काय? खोटं त्यांनी लिहिलं. मी नुसतं हो म्हटलं."

साहेबांना आवराआवरीसाठी महिना मिळाला. शेवटच्या आठवड्यात ते कारकुनाच्या गादीच्या खुर्चीत येऊन बसले. एरवी दणकट दिसणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात होतं. "का?" त्यांनी विचारलं. "मी तिला मारलं नाही. पगार वेळेवर. का?"

कारकुनानं त्यांना समजेल अशा शब्दांत मुकादमाची गोष्ट सांगितली. साहेब कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "कोण मुकादम?"

ते ढोंग नव्हतं. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

संध्याकाळी ती खिडकीशी आली. "सांगितलंत त्याला? काय म्हणाला?"

थाप मारावी, तोंड पडलं होतं म्हणावं, असं कारकुनाच्या अगदी ओठांवर आलं. पण तिच्यासमोर जमेना. "आठवत नाही म्हणाले."

ती मटकन त्या गादीच्या खुर्चीत बसली. तिथं इथल्या माणसानं बसलेलं कारकुनानं कधी पाहिलं नव्हतं.

"मग माझं काहीच झालं नाही, भाऊसाहेब."

"अहो, तो चाललाय! बंगला सोडून, सगळं सोडून!"

"जाईल. आणि तिकडे सांगत बसेल, कायदा वाईट होता, बाई कृतघ्न होती. दगडाची ठेच लागल्यासारखं. आपण कशासाठी गेलो, ते मला त्याच्या डोक्यात घालायचंय."

निघायच्या दिवशी तिघांची परवानापत्रं परत घ्यायला कारकुनाला बंगल्यावर जायचं होतं. पोचला तेव्हा ती फाटकात उभी होती. अंगणात खोकी रचली होती. साहेबांची मुलगी एका खोक्याला चिकटपट्टी लावत होती. हिला बघून ती धावत आली. "मावशी! मला वाटलं तुम्ही येणार नाही."

कारकुनाला वाटलं, आता ही विरघळेल. ती नाही विरघळली. फक्त मुलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबांना बोलव. मी सांगते ते त्यांच्या भाषेत सांग. एक शब्द कमी करू नकोस."

साहेब पायरीवर आले. मुलगी मध्ये उभी राहिली आणि एकेक वाक्य फिरवून सांगू लागली. नवऱ्यानं काय बजावलं होतं, साहेबांनी काय ओतायला लावलं, बोट कुणाकडे दाखवलं. सुरुवातीला मुलगी भराभर सांगत होती, शाळेत पाठ म्हणावा तशी. मग तिचा आवाज लहान होत गेला. बर्फखाना आला, एकावर एक खाटा आल्या.

"त्याची आई वारली," बाई म्हणाली, "तेव्हा त्यानं फोनवर बघितलं. फोन मी धरला होता. आणि तुझ्या बाबांनी मला अर्धाच दिवस रजा दिली. कारण दुपारी ऊन होतं."

"हे मी नाही सांगणार, मावशी."

"नको सांगूस. बघ, त्यांना कळलंय."

कळलं होतं. साहेब तिच्याकडे बघत नव्हते, मुलीकडे बघत होते, आणि मुलगी त्यांच्याकडे बघायला तयार नव्हती. त्यांनी हलक्या आवाजात काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?"

"तुमच्या नवऱ्याचं नाव विचारतात."

"नाव तेव्हा विचारायचं होतं," ती म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली. तिची चाल कारकुनाला आज वेगळी वाटली. दोन्ही हात मोकळे होते.

घरी कारकुनाच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बापाचं ठीक आहे, पण त्या मुलीचा काय दोष?" दुसऱ्या दिवशी कारकुनानं तोच प्रश्न तिच्यापुढे ठेवला.

"नव्हताच," ती म्हणाली. "माझ्या सासूचाही नव्हता."

आता खुर्ची तिची होती. कायद्यानं निदान वर्षभर तरी तिथं तिलाच बसवणं भाग होतं. धाकट्या मालकांनी दाताच्या कण्या करून बघितल्या, वकील गाठला, पण उपयोग झाला नाही. दारावर रंगप्रमुख म्हणून तिची पाटी लागली आणि पहिल्या तीन हौदांतून एकाच रंगाच्या तीन तऱ्हा निघाल्या. गिऱ्हाइकानं माल परत पाठवला. दुसऱ्या पाळीला दोन आठवडे काम नव्हतं. पाच वर्षं हसणारे तोंड फिरवून जाऊ लागले. पॅकिंगमधल्या एकीनं तिला नळावर अडवलं.

"सूड तुझा आणि चुली आमच्या विझल्या! आता कापड कोण रंगवणार गं शिष्ये? तुझी छत्री?"

"माझ्या माणसाला काढलं तेव्हा तू हौदापाशीच होतीस," ती म्हणाली. "तेव्हा तुझी चूल पेटली होती ना? मग थोडी विझू दे."

ती बाई नळ सोडून चालू लागली. पण त्याच दुपारी ही स्वतः गोदामात गेली, चष्मेवाल्याला हाताला धरून रंगाच्या खोलीत आणलं आणि खुर्चीत बसवलं. "हौदावरची जुनी माणसं समोर आहेत. काय विचारायचं ते पोटभर विचार. तुला कुणी घालवणार नाही." पाटी तिची राहिली, काम तो करू लागला. महिन्याभरात माल सुधारला. वर्ष पुरं झालं त्या दिवशी तिनं खुर्ची सोडल्याचं लिहून दिलं आणि पॅकिंगमध्ये बदली मागितली.

नवरा मुदत संपवून आला. केस पांढरे झाले होते, आणि थंडीनं एका हाताची दोन बोटं वाकत नव्हती. सगळी हकीकत त्यानं ऐकली, मग म्हणाला, "पाच वर्षं त्याच्या डोक्यावर सावली धरलीस, माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

कारखान्यानं त्याला परत बोलावलं होतं, शेराही पुसला होता. तो गेला नाही. शेजारच्या गावच्या गिरणीत आता हौदावर असतो आणि सुट्टीला घरी येतो. ती अजून त्याच कारखान्यात आहे, पॅकिंगमध्ये, सकाळच्या पाळीला. घड्या घालायचं काम आहे, बसून करता येतं.